पियानोत भरलेलं मेण

मी आणि माझ्या बायकोनं मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे एक ओलं लुगडं पिळणं. नऊवारी, सुती, पाणी प्यायलेलं. एकट्याच्या हातचं काम नव्हे ते. गच्चीवर ती एका टोकाला, मी दुसऱ्या. माझा हात ढिला पडला तशी म्हणाली, "अहो, दाबून पिळा. चोर समजा." मी पिळलं. सगळं पाणी माझ्याच पायांवर पडलं आणि ती हसली. लुगडं दोरीवर टाकलं, काठ सरळ केला, खाली उतरून कॉफी प्यालो. दुसऱ्या दिवशी दुपारी सरकारी दवाखान्यात तिनं प्राण सोडला. डॉक्टरांनी पुष्कळ समजावलं. मला एक अक्षर कळलं नाही.

याला चार महिने झाले. घरात बसून असतो. लोक म्हणतात, नोकरीतल्या केसेस लिहून काढा, वेळ जाईल. तंजावूरच्या पोलीस खात्यात छत्तीस वर्षं काढली. साधा कॉन्स्टेबल म्हणून लागलो, स्पेशल सब-इन्स्पेक्टर होऊन निवृत्त झालो. खून पाहिले, देवळातल्या मूर्तींच्या चोऱ्या पाहिल्या, कालव्याच्या पाण्यावरून फुटलेली डोकी पाहिली. ती सगळी आता धूसर झालीत. एकच घटना काल घडल्यासारखी समोर येते, आणि त्या केसमध्ये साधी चोरीसुद्धा नव्हती. पण माझ्या सगळ्या नोकरीत माझी बायको जिच्यात आहे अशी तेवढी एकच केस. म्हणून तीच लिहितो. मी दहावी नापास माणूस. ही देवनागरी अक्षरंसुद्धा लग्नानंतर तिनंच शिकवली; आमच्या इकडच्या मराठी घरांत ती वाचणारे थोडेच उरलेत. चुकलं तर सोसून घ्या.

निवृत्तीला सात महिने राहिले होते. गावात एका कलासंस्थेनं पाच पियानो आणून ठेवले. डोंगरावरच्या जुन्या बंगल्यांतून आणि बंद पडलेल्या शाळांतून गोळा केलेले. कॉलेजातल्या पोरापोरींनी ते रंगवले. एक रेल्वे स्टेशनासमोर, एक राजवाड्याच्या फाटकाशी, एक बागेत, एक जुन्या बसस्टँडवर आणि एक घड्याळाच्या मनोऱ्याखाली. वर पत्र्याचं छप्पर, समोर बाक, आणि तमिळमध्ये पाटी: 'वाजवा. सगळ्यांचा आहे.' मनोऱ्याखालच्या पियानोवर केळीची झाडं होती आणि पोपट. पन्नासेक पोपट असतील, एकाचं तोंड दुसऱ्यासारखं नाही.

आम्हाला संस्थेचं पत्र आलं, लक्ष ठेवा. इन्स्पेक्टरसाहेब हसले. म्हणाले, "देवळं, बँका, मंत्री, आता बाजापेटी." माझ्या बीटमध्ये मनोरा होता, म्हणून तो पियानो माझ्या गळ्यात पडला. रोज सकाळ-संध्याकाळ जाऊन बीट-पुस्तकात सही करायची.

सुरुवातीला गंमत वाटली. ऑटोवाले एका बोटानं वाजवायचे. शाळेच्या पोरी तिघी-तिघी बाकावर बसायच्या. भात विकायला पापनाशमकडून आलेला शेतकरी पंचा खांद्यावर टाकून एकच पट्टी वाजवत उभा राहायचा, दुसरीला हात लावायचा नाही. मी पोलीस आहे, मला माणसं बघायची सवय. एक सांगतो. सगळ्यांची म्हणून ठेवलेली वस्तू असली की पहिले आठ दिवस ती कुणाचीच नसते. नंतर हळूहळू कुणाची तरी होते. तिथून भांडण सुरू होतं.

एका संध्याकाळी मी पलीकडच्या बाजूला, सिग्नलपाशी, गाडीवर बसून होतो. पियानोपाशी माझी बायको बसलेली दिसली.

ती घरातून मारुतीच्या देवळात जाते म्हणून निघायची. मनोरा वाटेतच. माझ्या सासऱ्यांचं भजनी मंडळ होतं, लग्नाआधी ती त्यांच्या भजनात पेटी वाजवायची, हे मला माहीत होतं. माहीत होतं म्हणजे लग्नात कुणीतरी सांगितलं होतं. पोलीस क्वार्टर्सच्या दोन खोल्यांत पेटी कुठं ठेवणार? विषय तिथंच संपला होता. आता ती उजव्या हातानं वाजवत होती, चांगलं वाजवत होती, आणि तिचा डावा हात पियानोच्या कडेला हवेत मागे-पुढे होत होता. पेटीचा भाता हलवत होती ती, तिथं नसलेला.

मला हसू आलं. उठून जाणार, म्हणणार, अगे, याला भाता नसतो. तेवढ्यात पलीकडून एक म्हातारा आला. उंच, उघड्या अंगावर पंचा, कपाळाला विभूती. त्याला मी ओळखत होतो. किल्ल्याच्या मागच्या गल्लीत वीणा बनवणारं जे जुनं घर आहे त्यातला. तो तिच्या शेजारी वाकला, तिचा तो हवेतला डावा हात मनगटाशी धरला आणि अलगद पट्ट्यांवर ठेवला.

तिनं हात काढला नाही.

मी गाडी सुरू केली आणि निघून गेलो. बीट-पुस्तकात त्या दिवशीची सही नाही.

घरी आली तेव्हा विचारलं, "उशीर झाला?"

"देवळात गर्दी होती," म्हणाली.

मंगळवार नाही, शनिवार नाही, गर्दी कसली? त्या दिवसानंतर मी रोज सिग्नलपाशी जायला लागलो. ती रोज नसायची. म्हातारा मात्र रोज. झाकण उघडून डोकं आत घालायचा, गाल लाकडाला लावून ऐकायचा, स्वतः घडवलेल्या पान्यानं आतल्या खुंट्या पिळायचा. ती आली की बाजूला सरकून जागा द्यायचा. दोघं फार बोलतही नव्हती. बोलली असती तर बरं वाटलं असतं. माणसं बोलतात तेव्हा काय बोलतात ते विचारता तरी येतं.

खोटं कशाला लिहू? त्या पोपटांचा मला राग यायला लागला. एखाद्या बसनं मागे घेताना तो पियानो उडवावा असं वाटायचं.

मग चैत्रात, ऊन पेटलेलं असताना, एका सकाळी साडेनऊला संस्थेच्या बाई रडवेल्या चेहऱ्यानं स्टेशनात आल्या. मनोऱ्याखालचा पियानो कुणीतरी नासवला होता. साहेबांनी माझ्याकडे बोट केलं. तक्रारीची पोच लिहून दिली आणि गेलो.

मधल्या तीस-पस्तीस पट्ट्या खाली दबून बसलेल्या. वर येईनात. फटींतून काळं काहीतरी पाझरून पोपटांवर ओघळलेलं. बाई म्हणाल्या, "डांबर आहे." तिथला कॅमेरा सिग्नलकडे तोंड करून; छपराखालचं त्याला दिसत नाही. उन्हाच्या बाजूचं वितळलं होतं, पण डाव्या हाताला मनोऱ्याची सावली होती, तिथलं घट्ट होतं. चाकूच्या टोकानं एक गोळी काढली आणि हुंगली. डांबराला असा वास नसतो. मधाचा वास, वर राळेचा.

इथं सांगायला हवं. वीणेच्या दांडीवर चोवीस पडदे असतात, पितळेचे. ते खिळ्यांनी बसवत नाहीत. मेणात बसवतात. मधमाशीचं मेण, कोळशाची पूड, राळ, असं एकत्र कढवून काळं मेण करतात. तंजावूरच्या त्या गल्लीतून गेलं की हाच वास. मी पस्तीस वर्षं त्या गल्लीत गस्त घातलेली.

मला आनंद झाला. लिहायला लाज वाटते, पण झाला.

गोळीवर आणखी एक गोष्ट होती. अंगठ्याचा ठसा. मेण अंगठ्यानं दाबून भरलेलं, त्यामुळे रेघा स्वच्छ उमटलेल्या. लहान अंगठा, अरुंद. मी ते पाहिलं. कागदात गुंडाळून गोळी खिशात ठेवली. जप्तीच्या यादीत लिहिली नाही.

शेजारी फुलांचे गजरे बांधणारी बाई बसते. तिला विचारलं, कुणाला पाहिलंस?

"पहाटे मी फुलबाजारात असते, ऐया. आले तेव्हा असंच होतं," ती म्हणाली. "काल दिवेलागणीला चांगलं वाजत होतं. वीणेवाले पेरियवर होते. रोज येतात. आत हात घालतात ते तेवढेच. दुसऱ्या कुणाला आतलं काय कळतंय?" मग विड्याची पिचकारी टाकून म्हणाली, "आणि मराठी अम्मा होत्या. तुम्हाला घरी विचारता येईल की. इकडे तिकडे कशाला हिंडता उन्हात?"

म्हणजे सगळ्या मनोऱ्याला माहीत होतं. टांग्यांच्या काळापासून मी तिथं ड्यूटी केलेली, आणि सगळ्यांत शेवटी कळलं ते मला.

खबर मिळाली की आधी ती दुसऱ्या बाजूनं तपासायची, हे मी नव्या पोरांना शिकवायचो. त्या दिवशी नाही तपासली. थेट गल्लीत गेलो. म्हातारा ओसरीवर फणसाच्या ओंडक्यातून वीणेचा भोपळा कोरत बसला होता. शेजारच्या चार घरांत पटाशीचे आवाज चालले होते. मी दंडाला धरून त्याला उठवलं. वयानं माझ्याहून बारा-तेरा वर्षांनी मोठा. एरवी मीही पेरियवर, म्हणजे वडीलधारे, म्हटलं असतं. त्या दिवशी एकेरी बोललो, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"चल. स्टेशनात चल."

पटाशीचे आवाज एकेक करून बंद झाले. त्याची बायको दारात आली. फक्त बघत राहिली, म्हाताऱ्याकडे नव्हे, माझ्या खिशाकडे. त्यातून मेणाचा वास येत असणार.

स्टेशनात त्याला बाकावर बसवला. चौकशीत माझी एक रीत होती. आधी पाणी द्यायचं, मग अर्धा तास बोलायचं नाही. माणूस स्वतःच बोलायला लागतो. याला पाणी दिलं नाही.

"का केलंस?"

"काय केलं, ऐया?" तो एका कानानं कमी ऐकायचा, मान वळवून चांगला कान पुढे करायचा.

"पियानोत मेण कुणी भरलं?"

त्याचा चेहरा असा झाला, जणू घरचं माणूस आजारी असल्याची तार आली. "भरलं? कुठल्या पट्ट्यांत? आतपर्यंत गेलंय का? तारांवर गेलंय?"

"मी विचारतोय, तू नाही."

"मी कशाला भरीन? ते वाद्य आहे, ऐया. किती दिवस खपून सुरात आणलं ते मी. समुद्राकडची हवा लागून लाकूड फुगलं होतं."

"कुणासाठी आणलंस सुरात?"

यावर तो थांबला. मला वाटलं, सापडला. आता मला कळतं, त्याला प्रश्नच कळला नव्हता.

मी खिशातली गोळी काढून टेबलावर ठेवली. "हे मेण कुठलं?"

त्यानं गोळी उचलली. नाकाशी नेली. मग उजेडाकडे धरली, आणि ठसा असलेली बाजू त्याच्या डोळ्यांसमोर आली. मी त्याच्या तोंडाकडेच बघत होतो. पापणीसुद्धा हलली नाही. फक्त त्यानं गोळी मुठीत घेतली, जरा वेळ उबेत ठेवली, आणि स्वतःचा अंगठा त्या ठशावर दाबला. रंधा चालवून पळीसारखा पसरट झालेला त्याचा अंगठा. उचलला तेव्हा लहान ठसा गेला होता आणि त्याचा मोठा ठसा तिथं होता.

"आमचंच आहे," तो म्हणाला. "मीच भरलं."

माझ्या डोळ्यांदेखत, एका पोलीस अधिकाऱ्याच्या टेबलावर, एका माणसानं पुरावा बदलला होता. दुसरा कुणी असता तर मी त्याचा हात धरला असता. मी बघत राहिलो.

"कधी भरलंस?"

"काल दुपारी."

काल दिवेलागणीला पियानो चांगला वाजत होता, हे फूलवालीनं सांगितलं होतं. वाजवणारी माझीच बायको होती. मी वही पुढे ओढली आणि म्हणालो, "पहाटे, नाही का?"

तो माझ्याकडे पाहत राहिला. "हो. पहाटे," म्हणाला.

जबाब लिहिला, सही घेतली. पुढचं वाक्य दोनदा वाचा. त्यानं मला वेळ सांगितली नाही, मी त्याला सांगितली. पोलिसासमोर दिलेली कबुली कोर्टात टिकत नाही, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक असतं. पण माणसाची अब्रू घालवायला ती पुरते, हेही ठाऊक असतं. सार्वजनिक मालमत्तेच्या नुकसानीचा गुन्हा. सकाळी अटक दाखवायची, मॅजिस्ट्रेटपुढे उभा करायचा. गल्लीत, देवळात, मनोऱ्याखाली त्याला परत तोंड दाखवता येणार नव्हतं. मला तेवढंच पाहिजे होतं.

पाचच्या सुमाराला पहाऱ्यावरचा शिपाई आत आला. म्हणाला, "त्याची बायको आलीय. कॉफी आणलीय. आणि तुम्हालाच भेटायचं म्हणते."

ती बाहेर पिंपरणीच्या झाडाखाली उभी होती. ठेंगणी, काळी, कोरड्या तोंडाची. फ्लास्क माझ्या हातात न देता जमिनीवर ठेवला आणि दोन्ही हात पुढे केले. अंगठे काळे. नखांच्या मुळाशी काळं, रेघांत काळं.

"त्यांनी नाही केलं. मी केलं," म्हणाली. "पहाटे पाचला. पट्टी दाबायची, मेण भरायचं, पट्टी दाबायची, मेण भरायचं. एवढंच तर येतं मला."

"का?"

"तुमचं लग्न होऊन किती वर्षं झाली, ऐया?"

"प्रश्न मी विचारणार."

"विचारा. माझी बावन्न झाली. त्या घरातून जेवढ्या वीणा गेल्या त्या सगळ्यांचं मेण मी कढवलं. उन्हाळ्यात कोळसा जास्त, थंडीत कमी, ते मला कळतं, त्यांना नाही कळत. चोवीस पडद्यांचं मेण मी दाबायचं. मग ते सूर लावायचे. एकदा, नवीन होते तेव्हा, तारेला हात लावला. म्हणाले, तुझा हात मेणाचा. तारा चिकट होतील. बरोबरच आहे. तारा चिकट होतात. परत कधी लावला नाही." ती थांबली. "आणि तिथं रस्त्यात, सगळ्या गावासमोर, एका बाईचा हात धरून पट्टीवर ठेवतात. मी पाहिलं. फूलवालीच्या मागं उभी राहून तीन दिवस पाहिलं. आपल्या हातानं ठेवतात, ऐया. असा. जसं काही काचेचं भांडं."

मला ठाऊक होतं कसं. तिच्याएवढंच ठाऊक होतं.

"बाई कोण ती?" मी विचारलं. का विचारलं कोण जाणे.

"माहीत नाही. मराठी अम्मा आहे कुणी. नाकात मोठी चमकी. नवरा आहे म्हणतात. असला नवरा कसला? बघत नाही का, बायको कुठं जाते?"

"बघतो," मी म्हणालो. "मी तिचा नवरा."

पिंपरणीवर कावळे ओरडत होते. ती माझ्या तोंडाकडे, मग माझ्या टोपीकडे, मग परत तोंडाकडे बघत राहिली. घाबरेल असं वाटलं होतं. घाबरली नाही. सगळं एका क्षणात तिच्या ध्यानात आलं. ती आता असं बोलायला लागली की जणू आम्ही दोघं एका घरची.

"मग बरोबर," म्हणाली. "मला पियानो गप्प करायचा होता. तुम्हाला माणूस. मी मेण भरलं. तुम्ही कागद भरला."

मी तिला म्हणालो, घरी जा. उद्या ये. कॉफी आत पाठवली. तिचं म्हणणं लिहून घेतलं नाही. खरा गुन्हेगार समोर उभा राहून हात दाखवत होता आणि मी त्याला परत पाठवलं. कारण तिचं लिहिलं असतं तर म्हाताऱ्याला सोडावं लागलं असतं.

घरी गेलो. बायकोनं ताट वाढलं. वरण, भात, आंबट चुका. मी जेवत होतो आणि ती समोर बसून होती, जेवत नव्हती.

"त्यांना उचललंत म्हणे."

"कुणी सांगितलं?"

"सगळं गाव सांगतंय. जेवायला दिलंत का त्यांना?"

मी घास खाली ठेवला. "तू तिथं जात होतीस."

"हो."

"देवळात जाते म्हणालीस."

"देवळातही जात होते. आधी देऊळ, मग तिथं."

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर काय म्हणाला असतात?"

"नको म्हणालो असतो."

"म्हणून नाही सांगितलं." ती जराही गडबडली नाही. चोर गडबडतो. तिच्याकडे लपवायला काही उरलेलं नव्हतं.

मग मी विचारलं. या वयात, ताटावर बसून, उघड्या तोंडानं विचारलं. "तुला तो आवडतो?"

ती हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं. ती विचार करायला लागली.

"पहिल्या दिवशी मी नुसती उभी होते," ती म्हणाली. "त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, अम्मा, तुमची बोटं मांडीवर चालतायत, काय वाजवता तुम्ही? मी म्हटलं, पेटी वाजवायचे. ते म्हणाले, मग बसा. अहो, लग्नाला अडतीस वर्षं झाली. माझी बोटं मांडीवर रोज चालतात. झोपेतसुद्धा चालतात. तुम्ही चोराचा हात बघून सांगता तो कुलूप फोडतो की खिसा मारतो."

ती उठली. ताट उचलून आत गेली. मी हात धुवायचा विसरून तसाच बसलो.

लग्नाबाहेरचं काही असतं तर मला सोपं गेलं असतं. मारलं असतं, ओरडलो असतो, माफ केलं असतं, काहीतरी केलं असतं. एका परक्या माणसानं माझ्या बायकोला एक साधा प्रश्न विचारला होता, जो मी अडतीस वर्षांत विचारला नाही. याला कुठलं कलम लावणार? माझा मत्सर काही कमी झाला नाही त्या रात्री. वाढलाच. आज ती नाही, तरी तो पुरता गेलेला नाही. तिची बोटं मांडीवर चालायची, हे मी दुसऱ्याच्या डोळ्यांनी पाहिलं, हे खुपतंच.

या केसनं काय शिकवलं, असं लोक विचारतील. मला मोठं बोलता येत नाही. एवढं सांगतो. साक्षीदार खोटं बोलतो, आरोपी खोटं बोलतो, हे पोलिसाला पहिल्या वर्षी कळतं. पण आपल्याला या केसचा निकाल काय लागलेला हवाय, हे त्यानं स्वतःला विचारायचं असतं. ते विचारायला मला पस्तीस वर्षं लागली. संशयिताचं नाव ऐकून पोलिसाच्या पोटात आनंद झाला, तर त्यानं वही दुसऱ्याच्या हातात द्यावी. आणि मत्सरी माणूस ओळखायचा तर त्याला समोरासमोर दुसरा मत्सरी माणूस भेटवावा. दोन वाक्यांत सगळं बाहेर येतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी काय केलं ते सांगतो आणि थांबतो.

हजेरीच्या आधी स्टेशनात गेलो. रायटरकडून जनरल डायरी मागून घेतली आणि माझ्या हातानं नोंद केली. मग ती साहेबांपुढे ठेवली. साहेब वयानं माझ्या मुलासारखे. वाचून झाल्यावर दार लावून घेतलं आणि म्हणाले, "वेड लागलं का? सहा महिने राहिलेत तुमचे. मला तोंडी सांगायचं होतं. मी गुपचूप सोडलं असतं." मी म्हणालो, "उचलला तेव्हा गुपचूप नव्हता उचलला." ते जरा वेळ पेन आपटत बसले. मग म्हणाले, "तुम्हाला मेमो निघेल." निघाला. ते असो. संस्थेच्या बाईंना त्यांनी फोन केला. मेण निघून पट्ट्या पहिल्यासारख्या झाल्या तर तक्रार मागे घेते, असं त्या म्हणाल्या.

म्हातारा बाकावर बसून झोपला होता. खांद्याला हात लावून उठवलं. चांगल्या कानाशी वाकून म्हणालो, "पेरियवर, चला. घरी सोडतो." त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि पहिला प्रश्न विचारला, "आता आमच्या हिला आणणार?" म्हटलं, "नाही."

गाडी गल्लीच्या तोंडाशीच लावली. आदल्या दिवशी त्याच्या दंडाला धरून मी पुढे चाललो होतो. आज त्याला पुढे घातलं आणि मी मागून, टोपी काखेत घेऊन. पटाशीचे आवाज थांबत गेले. प्रत्येक ओसरीपाशी थांबलो आणि एकच वाक्य बोललो: "यांचा काही दोष नाही. मी खोटं लिहिलं होतं." पहिल्या घरी जीभ अडखळली. चौथ्या घरी नाही.

त्याची बायको दारात उभी होती. न्हाऊन, नवं लुगडं नेसून, हातात कापडी पिशवी. तुरुंगात जायच्या तयारीनं. मी म्हणालो, "पिशवी ठेवा. दहा वाजता मनोऱ्याखाली या. मेण काढायचंय. गरम पाणी, सुई, जे काय लागतं ते आणा. तुम्हालाच कळतं ते."

"केस?"

"केस नाही."

"आणि काल जे लिहिलंत ते?"

"त्याच्यावर दुसरं लिहिलंय. सही करून."

"काय लिहिलंत?"

गल्ली ऐकत होती. मी तमिळमध्ये, डायरीतलं जसंच्या तसं म्हणून दाखवलं. "या इसमाशी माझ्या पत्नीची ओळख आहे हे मला आधीपासून माहीत होतं. मला त्याचा मत्सर वाटत होता. त्याचा गुन्हा नाही हे कळूनही मी त्याला सोडलं नाही."

ती ऐकत राहिली. म्हातारा कान पुढे करून उभा होता, त्याला किती ऐकू गेलं कोण जाणे. मग तिनं उंबऱ्यातून पाय मागे घेतला आणि बाजूला होऊन वाट दिली. आधी त्याला. मग मला.